उभ्याचं तिकीट

मोईननं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला आणि म्हणाला, "बाई, शिट न्हाय." सुप्रियाला ते ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. बारामतीच्या एस.टी. स्टँडसमोरच्या या ट्रॅव्हल्सच्या दुकानात ती दिवाळीपासून खेटे घालत होती. पासपोर्टाचं काम मोईननंच केलं, व्हिसा त्यानंच आणून दिला, चीनमधल्या ग्वांगझूपर्यंतचं विमानही त्यानंच ठरवलं. शाळेत तिच्या हाताखाली शिकलेला पोरगा, त्यामुळं काम चोख आणि वर चहा फुकट. उरलं होतं ते एवढंच, की ग्वांगझूला उतरल्यावर लेकीच्या, प्राचीच्या, कॉलेजच्या गावापर्यंत दिवसभराची रेल्वे. त्याचीच तिला काडीची काळजी नव्हती. कारण ती तारीखच तशी होती. "नीट बघ रे," ती म्हणाली, "दुसरी एखादी असेल." मोईननं बोटानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. एकाखाली एक गाड्या, पहाटेच्या, दुपारच्या, रात्रीच्या, आणि प्रत्येकीपुढं तीच राखाडी पट्टी. "तितं उभ्याचं बी तिकीट असतं, बाई. रीतसर, नंबर नसलेलं. त्ये बी संपलंय." तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, पण त्या दिवशी अमावस्या आहे!"

मोईनला आधी वाटलं, बाई गंमत करताहेत. मग तिचा चेहरा बघून तो हसू आवरत म्हणाला, "तुमीच म्हनताय व्हय ह्ये? सातवीला आसताना तुमी ब्याटरी आन संत्रं घिऊन दावलं हुतं. आवशीला चंद्र कुटं जात न्हाय, हितंच असतो, फकस्त दिसत न्हाय. भ्यायचं कारन न्हाय म्हनून." ती म्हणाली, "मी कुठं भिते? बाकीचे भितात. म्हणून तर गाड्या मोकळ्या असतात." "त्ये आपल्याकडं, बाई. तुमची लक्ष्मीपूजनाची आवस न्हाय का? तशी त्येंची ही. नवं वर्स. कारखान्यातली, कालिजातली, बांधकामावरची, समदी वर्सातनं एकदा घरला जात्यात. म्हैना म्हैना आधीपासनं रेटारेटी." "यंदाच?" तिनं विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. मोईन पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघत होता. "न्हाय वं, दरसाल," तो म्हणाला. "दरसाल ह्याच टायमाला."

दरसाल. ती उठली, पर्स खुर्चीवरच राहिली, मोईन पर्स घेऊन मागं धावत आला, "बाई, इमान तर हाय, दोन दिस अलीकडं बी सरकवता यील, आपुन बगू कायतरी," असं काहीबाही बोलला, आणि ती हो हो म्हणत रस्ता ओलांडून स्टँडात शिरली. इंदापूरची गाडी लागलेली होती. आज शनिवार, अर्धी शाळा, आणि आज तिला बावड्याला जाऊन सासूला सांगायचं ठरलेलं होतं, की तुमच्या लेकाच्या, रणजितच्या, वर्षश्राद्धाला मी इथं नसेन, मी पोरीकडं असेन. गाडी खच्चून भरलेली. अमावस्या लांब होती ना अजून! ती मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. कुणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी तिच्या हाताला लागत होती, आणि कंडक्टर ओरडत होता, "म्होरं सरका, म्होरं सरका, मोकळंच हाय म्होरं." कुठंही मोकळं नव्हतं. एखाद्या माणसाला कुणी चारचौघांत थोबाडीत मारावी आणि त्याला दुखण्याआधी नुसता आवाजच ऐकू यावा, तसं तिचं झालं होतं. दरसाल म्हणजे गेल्या सालीही. गेल्या सालच्या याच अमावस्येला.

आणि गंमत अशी, की अमावस्येला ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती. उलट अमावस्या तिच्या फायद्याची. कन्हेरीहून बारामतीला कॉलेजात यायची तेव्हा एरवी दारात लोंबकळायला लागायचं, पण अमावस्येला बसमध्ये चार टाळकी. ड्रायव्हर सकाळी पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा, खोबऱ्याचा तुकडा तिच्याही हातावर ठेवायचा, कंडक्टर जांभया द्यायचा, आणि ती ऐटीत खिडकीशी बसून शेतं बघत यायची. लग्न झाल्यावर हे तिनं रणजितला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. मग दोघांनी कोल्हापूर केलं ते अमावस्येला, गाणगापूर केलं ते अमावस्येला. तो म्हणायचा, "चला, आपली आवस एक्स्प्रेस लागली." घरातून निघताना सासू दारात उभी राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि हे दोघे रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर पाय पसरून बसायचे. प्राची लहान होती तेव्हा ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची, प्रत्येक सीटवर बसून बघायची. लोकांच्या भीतीवर आपली खिडकी मिळवायची आणि वर वर्गात पोरांना सांगायचं, की बाळांनो, अंधश्रद्धा नको. हे तिला आज, कळसच्या फाट्याजवळ, कुणाच्या तरी काखेखाली उभं असताना पहिल्यांदा दिसलं, आणि दिसल्याबरोबर तिला मान खाली घालावीशी वाटली. पण मान खाली घालायलाही जागा नव्हती.

रणजित गेला तो आपल्या बी-बियाणांच्या दुकानात बसल्या जागी. चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत तो नव्हता. अमावस्या लागत होती की लागली होती, यावर नंतर म्हाताऱ्यांनी बराच वाद घातला. प्रेत बावड्याला नेलं. अंगणात, ओसरीत, जिन्यावर माणसंच माणसं, आणि त्यांच्या मधोमध सुप्रिया हातात फोन धरून बसलेली. फोनमधून प्राचीचा आवाज येत होता, आणि कुणीतरी, कोण ते आता आठवत नाही, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला होता. "आई, तिकीट नाहीये गं. गाडीचं नाही, विमानाचं नाही. आजचं नाही, उद्याचं नाही. स्टेशनात माणूस मावत नाहीये, आई." मागं खरोखरच कसला तरी गोंगाट होता. आता इंदापूर रोडवर ती तो गोंगाट शब्दाशब्दानं आठवायचा प्रयत्न करत होती, पण तिला चिनी येत नव्हतं आणि तेव्हा तर तिला काहीच येत नव्हतं. तेवढ्यात रणजितचे चुलते, तात्याबा, खांबाला टेकून बसले होते ते म्हणाले, "आज आवस हाय. आवशीला कुटली गाडी भरती गं? कालिजाला सुट्टी हाय म्हनं तिच्या. यायचं न्हाय, आसं सरळ सांग म्हनावं." कुणाला काही बोलण्यासारखं वाटलंच नाही, कारण अमावस्येला गाडी भरत नाही हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि सर्वांत जास्त ठाऊक होतं तिला. तिनं फोनात म्हटलं, "बरं. नको येऊस." आणि फोन बंद केला. तिच्या पोरीला बाप गेल्याच्या दिवशी आईकडून मिळालेले शब्द एवढेच. बरं, नको येऊस. दांड्याला धरलेल्या हातावर तिनं कपाळ टेकलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत न्हाय का वं? बसता का?" आणि ती उठायला लागली. सुप्रिया जवळजवळ ओरडलीच, "नको, नको, मला उभंच राहायचंय."

पोरगी आली ती दहाव्याला. नीरेच्या काठावर विधी आटोपून माणसं पांगायला लागली होती तेव्हा पाठीवर बॅग घेतलेली, केस चिकटलेले, अशी चालत आली, आणि नदीकडं बघत नुसती उभी राहिली. बायका कुजबुजल्या. सुप्रियानं पाहिलं ते तिचे पाय. रबरी चपलेत मावत नव्हते, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आले होते. आणि तेव्हा सुप्रियाच्या मनात जे आलं ते तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या मनात आलं, पाय सुजेस्तोवर हिंडायला हिला वेळ होता. एवढंच. आईच्या मनात एवढंच आलं! ती पुढं झाली नाही, जवळ घेतलं नाही. पुढं झाली ती सासू, प्रयागबाई. तिनं नातीच्या पाठीवरची बॅग उतरवली, हाताला धरून घरी नेलं, आणि संध्याकाळी सुप्रिया मागच्या दारी भांडी आवरत होती तेव्हा तिला आतून करंजाच्या तेलाचा उग्र वास आला होता. त्या वासानंसुद्धा ती चिडली होती. बाप गेलेला आणि हिचे लाड चाललेत. चौथ्या दिवशी प्राची परत गेली आणि त्यानंतर आलीच नाही. उन्हाळ्यात आली नाही, दिवाळीत आली नाही. फोनवर दोघींचं बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवले. बरी आहेस का, बरी. मध्ये एकदा प्राची म्हणाली होती, "आई, शिक्षण झाल्यावर इकडंच काही मिळालं तर बघेन म्हणते." त्या दिवसापासून सुप्रियाला कळून चुकलं होतं, की आपण काही केलं नाही तर ही पोर आता जाते ती जाते. म्हणूनच हा सगळा खटाटोप.

पण खटाटोप कशासाठी? जवळ घ्यायला? छे. तिनं स्वतःशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. इंदापूरच्या स्टँडवर बावड्याच्या गाडीची वाट बघत, भेळेच्या गाड्याशेजारी उभी राहून ठरवलं. ती पोरीला जाब विचारायला निघाली होती. वर्षश्राद्धाची तिथी तिनं मुद्दाम निवडली होती, ती अमावस्याच येत होती, म्हणजे तिच्या हिशेबानं गाडी रिकामी. म्हणजे तिकडं पोचून, पोरीला समोर बसवून, रणजितचा फोटो टेबलावर ठेवून विचारायचं, की बापापेक्षा तुला त्या दिवशी असं काय महत्त्वाचं होतं? तिनं त्या प्रश्नाची तालीम केली होती, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, वह्या तपासताना, अंघोळीच्या पाण्याला हात लावून बघताना. शब्द घासून घासून गुळगुळीत केले होते. आणि ज्या रिकाम्या गाडीत खिडकीशी बसून ती हा प्रश्न घेऊन जाणार होती ती गाडी रिकामी नव्हतीच. कधीच नव्हती. आपलं सगळं जग ज्या दिवशी दार लावून घरात बसतं त्या दिवशी तिकडं एक अख्खं जग घराकडं निघतं, आणि त्या गर्दीत तिची एकटी पोर बापाच्या मढ्यापर्यंत पोचायला धडपडत होती, आणि ती इकडून म्हणत होती, बरं, नको येऊस. सुप्रियाला भेळवाल्याचं ओरडणं, गाड्यांचे हॉर्न, स्टँडच्या भोंग्यातली घोषणा, सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालं. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि प्यायचं विसरून तशीच परत बंद केली.

बावड्याच्या घराच्या अंगणात प्रयागबाई हरभऱ्याचा पाला वाळत घालत होती. उन्हात पसरलेल्या जुन्या लुगड्यावर हिरवा पाला, त्याचा आंबूस वास, आणि त्यात उकिडवी बसलेली म्हातारी. तात्याबा ओसरीवर घोंगडी अंथरून डोळे मिटून पडले होते, झोपले होते की नाही ते त्यांचं त्यांनाच माहीत. "का गं, त्वांड का उतारलंय?" प्रयागबाईनं वर न बघताच विचारलं. सुप्रिया म्हणाली, "रेल्वेचं तिकीट मिळत नाही, आत्याबाई. प्राचीकडं जायचं." मग तिनं ते वाक्य उच्चारलं. "अमावस्येला तिथं सगळ्या गाड्या भरलेल्या असतात. दरवर्षी. त्यांचा सण असतो. उभं राहायलाही जागा नसते." प्रयागबाईचे हात पाल्यावरून फिरतच राहिले. तिनं एक काडी उचलून बाजूला टाकली. "व्हय," ती म्हणाली. "पोर बोलली हुती की तवा."

"पण तुम्हाला खरं वाटलं होतं?"

"खरं वाटायला काय झालं? पाय बगितलं न्हवं मी तिचं. बसून आल्याल्या मानसाचं पाय तसं न्हाय सुजत. ह्या हातानं तेल चोळलंय. चोळता चोळता डोळा लागला पोरीचा, तर झोपंत बी टाचा दाबून धरत हुती, हालली तर जागा जाईल म्हनून." म्हातारीचे हात आता पाल्यावर थांबले. ओसरीवर तात्याबांनी कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं.

"मग मला का नाही सांगितलंत?" सुप्रियाचा आवाज चढला. आपण म्हातारीवर का ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. "वर्ष झालं, आत्याबाई! वर्षभर मी... मला एका शब्दानं का नाही सांगितलंत?"

प्रयागबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "मला काय ठावं, तुला कळलं न्हाय त्ये?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू आई हाईस. तुला कळलंच आसंल."

सुप्रिया तिथंच, अंगणात, पाल्याच्या लुगड्याच्या कडेला उभी राहिली. तिला बसता येईना आणि आतही जाता येईना. तिनं तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं, चंद्र असतो पण दिसत नाही हे संत्रं फिरवून दाखवलं होतं, आणि तिला पायांवरची सूज दिसूनही दिसली नव्हती. तिनं फोन काढला. प्राचीचं नाव शोधताना बोट दोनदा भलतीकडंच पडलं. तिकडं संध्याकाळ झाली असेल. पोर जेवायला गेली असेल, नाही उचलणार, असं म्हणेपर्यंत तिनं उचलला. "आई? आत्ता कसा काय?" नेहमीचाच तो सपाट, सांभाळून बोलणारा आवाज. सुप्रियानं तालीम केलेला प्रश्न कुठंतरी शोधला, तो नव्हताच. ती म्हणाली, "तिकीट नाही मिळालं गं. सगळं भरलंय."

मग प्राची म्हणाली, "मला माहीत होतं. तू ती तारीख सांगितलीस तेव्हाच म्हणणार होते, की नको घेऊस." "मग म्हणाली का नाहीस?" "म्हटलं, तुला परत खोटं वाटेल. वाटेल, की मला तू यायलाच नको आहेस."

परत! सुप्रियानं डोळे मिटले. म्हणजे तिला ठाऊक होतं. आपण तोंडानं कधी म्हटलं नाही, म्हणून आपण समजत होतो की आपल्या मनातलं मनातच आहे, आणि ही पोर वर्षभर ते उरावर घेऊन जेवले, बरी आहे, असं म्हणत होती. तिनं विचारलं, "किती उभी होतीस?" प्राचीनं 'कधी?' असं विचारलं नाही. "पहिले पाच दिवस तर स्टेशनातून हाकलूनच देत होते, तिकिटाशिवाय आत घेत नव्हते. मग उभ्याचं मिळालं. संडासाच्या दाराशी जागा होती. दार उघडलं की सरकायचं, बंद झालं की परत तिथं. एका बाईनं थोडा वेळ तिच्या पोत्यावर बसवलं मला. तिनं विचारलं, कुठं चाललीस? मला चिनीत सगळं बोलता येत होतं, आई, पण बाबा गेले एवढं काही बोलता येईना. मी म्हटलं, घरी. तर ती हसून म्हणाली, आम्हीपण." एवढं बोलून प्राची थांबली. वर्षभरात ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

सुप्रियाला म्हणायचं होतं, चुकले. त्याऐवजी ती म्हणाली, "विमान दोन दिवस अलीकडं घेता येतं म्हणतो मोईन. तेव्हाची एखादी गाडी नाही का? कसलीही?"

"एक आहे, हळू जाणारी. तिचं उभ्याचं सुटतं कधी कधी. मी डोळा ठेवून काढू शकते. पण तुला नाही झेपायचं, आई. सबंध रात्र आहे."

"काढ."

"आई, पाय सुजतात."

"सुजू देत," सुप्रिया म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. अंगणात, सासूसमोर, भिंतीकडं तोंड करून पडलेल्या तात्याबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती रडली. प्रयागबाई पाला तसाच टाकून गुडघ्यावर हात रेटत उठली आणि घरात गेली. प्राचीनं फोन ठेवला नव्हता. मग तिचा आवाज आला, आणि तो सपाट नव्हता.

"बरं. ये," ती म्हणाली. "मी स्टेशनात असेन. येताना आजीकडचं तेल घेऊन ये."